थेंबभर कडू

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या कोकणातल्या घरी अभ्यंगस्नान झाले, की तुळशीवृंदावनापाशी कारीट फोडायचे. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ते हिरवे फळ फुटले, की आई त्यातला गर बोटाने टिपून आम्हा दोघा भावांच्या जिभेला लावी. धाकटा तोंड वेडेवाकडे करी, मी मोठा म्हणून निमूट गिळत असे. तो कडू थेंब पोटात गेल्याशिवाय फराळाच्या ताटाकडे बघायची मुभा नव्हती. त्यानंतर खाल्लेला पहिला अनारसा जितका गोड लागे, तितका पुढचा एकही लागत नसे.

दोन वर्षांपूर्वी ही आठवण अगदी अनपेक्षित जागी उसळून आली. पुतण्याने मेलबर्नला घर घेतले म्हणून आम्ही दोघे भाऊ तिकडे गेलो होतो. त्याने जवळच्या एका क्लबात जेवण ठेवले होते. माझ्या भावाने दारू सोडली त्याला तेव्हा सोळा वर्षे झाली होती. वाढणाऱ्या मुलीला त्याने नेहमीप्रमाणे पहिल्याच वाक्यात विचारले, की अल्कोहोल नसलेले काय मिळेल? तिने 'लेमन, लाइम अँड बिटर्स' सुचवले. ऑस्ट्रेलियात हे पेय शीतपेयांच्या यादीत असते आणि शाळकरी मुलांच्या हातातही दिसते. ग्लास आला. फिकट हिरव्या पेयात वरून लालसर तपकिरी ढग उतरत होता. भावाने दोन घोट घेतले आणि म्हणाला, "दादा, कारीट आठवलं बघ."

मग तो उठून बारच्या फळीपाशी गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्या तपकिरी ढगाच्या बाटलीवरचे लेबल त्याने वाचले होते : अल्कोहोल 44.7 टक्के. ग्लास त्याने हलकेच बाजूला सरकवला. "तू जन्मभर हेच शिकवलंस ना? मग सांग, हे औषध की दारू?"

एकतीस वर्षे मी औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वनौषधी शिकवल्या. आकडेमोड मला तिथल्या तिथे करता आली. बाटलीच्या बारीक तोंडातून एका झटक्यात जो फवारा पडतो त्याला बारवाले 'डॅश' म्हणतात. तो पाऊण मिलीलिटरच्या आसपास असतो. तसे तीन डॅश म्हणजे शुद्ध अल्कोहोल साधारण एक मिलीलिटर. तीनशे मिलीलिटरच्या ग्लासात ते जेमतेम एक तृतीयांश टक्का भरते, आणि अनेक देशांचे कायदे अर्ध्या टक्क्याच्या खाली दारू मोजतच नाहीत. हे सगळे मी त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले, पण त्याचा प्रश्न तो नव्हता. व्हिस्कीपेक्षा कडक असलेली बाटली शीतपेयाच्या शेजारी उभी राहिली कशी, हे त्याला हवे होते. त्या प्रश्नाचा माग काढता काढता मी तीनशे वर्षे मागे गेलो.

मुळे आणि मद्यार्क

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. कडू मुळे, साली, फळांची सुकी साले आणि मसाले तीव्र मद्यार्कात बरेच दिवस भिजत ठेवायचे, गाळायचे, रंगासाठी व चवीसाठी थोडी करपवलेली साखर घालायची. हे झाले बिटर्स. औषधनिर्माणाच्या भाषेत हे सरळसरळ टिंक्चर आहे. मद्यार्क इथे दोन कामे करतो. पाण्यात न उतरणारे सुगंधी आणि कडू घटक तो ओढून घेतो आणि तयार अर्क वर्षानुवर्षे नासू देत नाही.

बहुतेक जुन्या बिटर्सचा पाया जेन्शियन या वनस्पतीचे मूळ हा आहे. ही युरोपातल्या डोंगराळ कुरणांत वाढणारी, पिवळ्या फुलांची वनस्पती. तिचे भावंड आपल्या घराघरांत असे, ते म्हणजे काडेचिराईत. दोन्ही एकाच कुळातल्या. दोन्हींत अमॅरोजेन्टिन नावाचे एक द्रव्य सापडते. ते पाण्यात कोट्यवधी पटींनी विरळ केले तरी जिभेला कळते. ताप आला की आजी ज्या काढ्याने छळत असे त्याचा आणि न्यूयॉर्कमधल्या बारच्या बाटलीचा कडवटपणा असा एकाच द्रव्यावर येऊन ठेपतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश औषधकोशांनी चिराइताला 'चिरेट्टा' म्हणून आपल्या यादीत घेतले, ते याच कामासाठी.

कडू चव भूक लावते, हे आपल्याकडे फार पूर्वी नोंदले गेले आहे. तिक्त रस स्वतः रुचत नाही, पण अरुची घालवतो, असे चरकसंहिता सांगते. पेयातही नेमके हेच घडते. बिटर्सचा चमचा कोणी नुसता तोंडात घेतला तर तो कळवळेल. पण साखर, लिंबू आणि मद्य वेगवेगळे बोलत असतात तिथे दोन थेंब पडले की ते एका सुरात येतात. गोडाचा चिकटपणा तुटतो, आंबटाची धार बसते आणि घोट संपल्यावर मागे वास राहतो. डाळीच्या फोडणीतला हिंग आठवावा. हिंग कोणी खात नाही, पण तो नसला की कळते. मद्य नसलेल्या पेयात तर ही गरज अधिक, कारण तिथे सरबताच्या गोडीला अडवणारे दुसरे काहीच नसते.

औषधाच्या दुकानातून

लंडनमधला औषधविक्या रिचर्ड स्टॉटन याने 1712मध्ये आपल्या 'एलिक्झिर'साठी राजाज्ञेने एकस्व मिळवले. त्यात बावीस वनस्पती असल्याचे तो सांगे. पोटासाठी म्हणून ते घ्यायचे, पण घ्यायचे कशातून? पाण्यातून, बिअरमधून किंवा वाइनमधून. रात्री जास्त झालेल्यांना सकाळी बरे वाटेल, हेही त्याच्या गिऱ्हाइकांना ठाऊक होते. औषध आणि मद्य यांची गाठ औषधाच्या दुकानातच बांधली गेली होती, ती अशी.

ही गाठ कायद्याच्याही लवकरच लक्षात आली. इंग्लंडने 1736मध्ये जिनवर जबर कर बसवला आणि औषधासाठी सवलत ठेवली. ताबडतोब पोटदुखीचे पाणी म्हणून रंगवलेली जिन विकली जाऊ लागली. माणसे तीच, तहान तीच. बाटलीवरची चिठ्ठी तेवढी बदलली.

स्टॉटनची बाटली समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली आणि तिथे तिने एका नव्या शब्दाला जन्म द्यायला हातभार लावला. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावी एक वृत्तपत्र निघे. त्यात छापून आलेला 'कॉकटेल' हा शब्द एका वाचकाला कळला नाही. त्याने पत्र पाठवून अर्थ विचारला. 13 मे 1806च्या अंकात संपादकाने उत्तर दिले : कोणतेही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स यांचे मिश्रण म्हणजे कॉकटेल. आज बारमध्ये 'ओल्ड फॅशन्ड' मागवले तर जवळजवळ हेच चार जिन्नस ग्लासात येतात. ही व्याख्या नीट वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. मद्य कोणतेही चालेल, पण बिटर्स हवेच. कडू काढले तर ते कॉकटेलच नव्हे. तेव्हा बिटर्स ही कॉकटेलमध्ये मागाहून आलेली चैन नव्हती. औषधाचा डोस घ्यायच्या सकाळच्या रीतीतून कॉकटेल निघाले, असे म्हणणेच अधिक बरोबर.

न्यू ऑर्लिन्समधला औषधविक्या आंत्वान पेशो आपले बिटर्स अंड्याच्या कपातून देई, त्या कपाच्या 'कोक्तिए' या फ्रेंच नावावरून कॉकटेल शब्द आला, अशी कथा पर्यटकांना अजून ऐकवली जाते. कथा गोड आहे, पण पेशोचे दुकान 1830च्या दशकातले आणि शब्द छापून आला तो त्याच्या पाव शतक आधी. पेशोचे श्रेय वेगळे आहे. त्याचे लाल, बडीशेपेच्या वासाचे बिटर्स आजही मिळतात आणि 'सॅझरॅक' हे त्या शहराचे पेय त्यांच्यावाचून होत नाही.

ओरिनोकोच्या काठी

मेलबर्नच्या फळीवरची ती बाटली मात्र लष्करी इस्पितळात जन्मली. योहान गोटलिब बेन्यामिन सीगर्ट हा जर्मन शल्यवैद्य 1820मध्ये व्हेनेझुएलात पोहोचला. सिमोन बोलिव्हार तेव्हा स्पेनविरुद्ध लढत होता. ओरिनोको नदी जिथे अरुंद होते तिथे वसलेले अंगोस्तुरा हे गाव त्याचे ठाणे होते. त्या स्पॅनिश शब्दाचा अर्थच चिंचोळी जागा. सीगर्टला तिथल्या इस्पितळाचा प्रमुख नेमले गेले. सैनिक गोळीपेक्षा तापाने आणि पोटाच्या विकारांनी अधिक खचत. चार वर्षे मुळ्या-साली तपासून सीगर्टने 1824मध्ये एक अर्क सिद्ध केला. त्याचे नाव 'अमार्गो आरोमातिको', म्हणजे सुगंधी कडू. नदीतून ये-जा करणाऱ्या जहाजांवरच्या खलाशांनी तो मळमळीवर घेऊन पाहिला आणि बंदरोबंदरी नेला. 1830मध्ये तो इंग्लंडला आणि त्रिनिदादला रवाना होऊ लागला होता. गावाचे नाव 1846मध्ये बदलून सिउदाद बोलिव्हार झाले. जुने नाव बाटलीवर तेवढे राहिले.

याच नावाशी आपल्या कोकणाचा एक विषारी धागा गुंतलेला आहे. त्या प्रदेशात अंगोस्तुरा नावाचीच एक कडू साल तापावर वापरली जाई. युरोपात ती खपू लागली, तशी भेसळही सुरू झाली. भेसळीची साल हिंदुस्थानातून येई, आणि ती होती काजऱ्याची! आपल्याकडे रानात काजऱ्याची फळे पडलेली दिसली तरी गुरे त्यांना तोंड लावत नाहीत. त्या सालीने युरोपात विषबाधा झाल्या. 'खोटी अंगोस्तुरा' म्हणून ती कुप्रसिद्ध झाली आणि 1819मध्ये फ्रेंच रसायनज्ञ पेलतिए व कावांतू यांनी तिच्यातून ब्रूसीन हे विषारी द्रव्य वेगळे केले. विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण मुद्दाम सांगत असे. जीभ दोन्ही सालींना कडूच म्हणते. औषध कोणते आणि विष कोणते, हे ती सांगू शकत नाही. सीगर्टच्या अर्कात अंगोस्तुरा साल नाही, असे त्याच्या बाटलीवर लिहिलेले असते.

सीगर्ट 1870मध्ये वारला. व्हेनेझुएलातल्या अशांततेला कंटाळून त्याच्या मुलांनी 1875च्या सुमारास धंदा त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनला हलवला. तोवर हा अर्क इस्पितळातून बाहेर पडला होता. 1862च्या लंडनच्या प्रदर्शनात एका मुलाने तो जिनमध्ये घालून लोकांना चाखवला होता. ब्रिटिश आरमारातले अधिकारी ग्लासाच्या आतून त्याचे थेंब फिरवून वर जिन ओतत. तेच 'पिंक जिन'. बाटलीपेक्षा मोठे, गळ्याशी चुरगळलेले लेबल ही तिची खूण झाली. बाटलीचे माप एका भावाने ठरवले, लेबलाचे दुसऱ्याने, आणि दोघांनी एकमेकांना विचारले नाही, अशी त्याची गोष्ट सांगतात. 1862 हेच साल जेरी थॉमस या अमेरिकन बारवाल्याच्या कृतिपुस्तकाचेही आहे. बारवर हुकमत असलेल्या माणसाने लिहिलेले ते पहिले छापील पुस्तक, आणि त्यातल्या कॉकटेलांत बिटर्सची बाटली पुन्हा पुन्हा लागते.

'पिण्यास अयोग्य'

इथवरचा इतिहास रंजक आहे. पुढचा तसा नाही.

अमेरिकेत बारमधल्या थेंबांच्या बरोबरीने ग्लासभर प्यायची बिटर्सही खपत होती. पिट्सबर्गच्या 'हॉस्टेटर्स'ची बाटली यादवी युद्धातल्या सैनिकांपर्यंत पोहोचली होती. दारूला हात न लावणारी कुटुंबे हे टॉनिक विश्वासाने घेत. 1905मध्ये सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकाराने 'कॉलियर्स' साप्ताहिकात अशा औषधांची लेखमाला चालवली, तेव्हा या टॉनिकात सुमारे 44 टक्के अल्कोहोल असल्याचे वाचकांना कळले. पुढच्याच वर्षी, 1906मध्ये, अन्न व औषध कायदा झाला आणि अल्कोहोलचे प्रमाण लेबलावर छापणे बंधनकारक ठरले. माझ्या भावाने मेलबर्नला जो आकडा वाचला, त्यामागे अशीच खटपट आहे.

1920मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली. कायद्याने औषधांना सूट दिली, पण एक अट घातली : ते पेय म्हणून वापरण्यास अयोग्य असले पाहिजे. थोडक्यात, इतके कडू किंवा तिखट, की माणूस हौसेने पिणार नाही. थेंबाथेंबाने वापरायचे बिटर्स या अटीत बसले आणि तगले. विस्कॉन्सिनमधल्या वॉशिंग्टन बेटावर टॉम नेल्सन नावाच्या बारमालकाने औषधविक्रीचा परवाना काढून पोटाचे औषध म्हणून बिटर्सचे पेलेच विकले. त्या बारमध्ये अजूनही पेला रिकामा करणाऱ्याला 'बिटर्स क्लब'चे सभासदत्व देतात.

ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट. दुसरी तशी नाही. सुंठीचा कडक अर्क याच अटीवर विकायला मोकळा होता. त्यात सुंठीचा अंश इतका हवा, की तो घशाखाली उतरू नये. फसवणाऱ्यांनी सुंठ कमी केली आणि तपासणीत अंश भरावा म्हणून लाखेच्या उद्योगात वापरायचे एक बेचव रसायन मिसळले. 1930मध्ये ते पिणाऱ्या हजारो लोकांचे पाय लुळे पडले. त्यांत बहुतेक गरीब होते. चवीला पहारेकरी नेमले, की पहारा असा फुटतो.

असाच पेच पुढे मुंबईत उभा राहिला. मुंबई राज्याच्या 1949च्या दारूबंदी कायद्यात दारूची व्याख्या इतकी रुंद होती, की अल्कोहोल असलेला कोणताही द्रव तिच्यात बसे. एफ. एन. बलसारा यांनी तिला आव्हान दिले. त्यांच्या यादीत व्हिस्की, ब्रँडी, बिअर होती, तशीच औषधी वाइन आणि यू-द-कोलोनही होते. 1951मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मादक पेयांवर बंदी घालायचा राज्याचा अधिकार त्याने मान्य केला, पण अल्कोहोलयुक्त औषधे आणि प्रसाधने बाळगण्या-वापरण्यावरची बंदी रद्द केली. राज्याने 1952मध्ये कायद्यात 24-अ हे कलम घातले. औषधांना सूट मिळाली, ती मादक पेय म्हणून वापरण्यास अयोग्य असण्याच्या अटीवर. अमेरिकेने तीस वर्षांपूर्वी जी अट शोधली, तीच आपण शोधली. आणि मुंबईत काय झाले, तर लोक टिंचर प्यायले. त्या काळातल्या मुंबईकरांना 'टिंचर' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आजही महाराष्ट्रात मद्य पिण्याचा परवाना मिळतो तो आरोग्य राखण्यासाठी! स्टॉटनची चिठ्ठी अजून बाटलीवरून निघालेली नाही.

हे लिहिताना एक गोष्ट लपवणे मला बरे वाटत नाही. भावाच्या त्या वाईट वर्षांत आमच्या घरात दारूची बाटली नव्हतीच. कुलूप लावावे लागले ते माझ्या औषधांच्या कपाटाला. वर्गात दाखवायला आणलेली टिंक्चरे मी तिथे ठेवत असे. सगळी कायद्याने 'पिण्यास अयोग्य' होती.

भावाला दिलेले उत्तर

अमेरिकेतली दारूबंदी 1933मध्ये उठली, पण तेरा वर्षांत बहुतेक बिटर्स बुडाली होती. पुढची सत्तर वर्षे बारच्या फळीवर बहुधा एकच बाटली असे. 2005नंतर चित्र बदलले. गॅरी रीगनचे संत्र्याचे बिटर्स बाजारात आले, जर्मनीत जुन्या कृती पुन्हा सुरू झाल्या. आता सेलेरी, चॉकलेट, द्राक्षफळ, वेलची अशा चवींची बिटर्स मिळतात आणि आपल्या महानगरांतल्या बारमध्येही त्यांच्या छोट्या बाटल्यांची ओळ दिसते. मॉकटेलच्या यादीतही ती आली आहेत, आणि चवीच्या दृष्टीने ते योग्यच आहे. काही बिटर्स अल्कोहोलऐवजी ग्लिसरीनमध्ये करतात. ग्लिसरीन मद्यार्काइतका अर्क ओढत नाही, पण त्यातले कडू कमी पडले तरी कोणाची फसवणूक होत नाही.

परतल्यावर भावाला मी उत्तर दिले ते असे. औषध की दारू, हे बाटलीतल्या द्रवावरून कधीच ठरले नाही. ते विकणाऱ्याने ठरवले, करवसुली करणाऱ्याने ठरवले, न्यायालयाने ठरवले. पिणाऱ्याला कोणी विचारले नाही. ज्याला दारूचा त्रास नाही, त्याला एक तृतीयांश टक्क्याने काही होणार नाही. दारू सोडण्याची डायसल्फिरामची गोळी घेणाऱ्याला मात्र थोड्या अल्कोहोलनेही त्रास होऊ शकतो. आणि ज्याने सोळा वर्षे एकेक दिवस मोजून काढला आहे, त्याच्यासाठी प्रश्न टक्क्यांचा नसतोच. त्याला आधी सांगायला हवे होते, एवढेच. त्या मुलीची चूक नव्हती. तिला शिकवलेल्या यादीत ते शीतपेयच होते. पण माझी होती. ग्लासात काय आहे ते मला रंगावरूनच कळले होते आणि तरी मी बोललो नाही. त्याला एवढ्याने काय होणार, असे मी मनात त्याच्या वतीने ठरवून टाकले होते.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "एवढं शोधलंस, तर आता बिनदारूचं करून दाखव."

गेल्या दिवाळीत ते करून पाहिले. काडेचिराइताच्या दोन काड्या, संत्र्याच्या सालीचा एक तुकडा, दोन वेलदोडे आणि एक लवंग अर्धी वाटी पाणी घालून उकळले, गाळले, गार केले. मद्यार्क नसल्याने हे टिकत नाही. फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावे लागते. ताज्या लिंबाच्या सोड्यात अर्धा चमचा घातले. मेलबर्नसारखा ढग काही उतरला नाही. भावाने घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि तोंड वेडेवाकडे केले.

"औषधासारखं लागतंय," म्हणाला, आणि ग्लास संपवला.